दोषवहीतल्या दोन नोंदी

छापखान्यात तिला सगळे टोचणी म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे, कारण पाठीमागे म्हटलेलंही तिच्या कानावर जायचंच. ब्रेलची टिंबं हाताने पाडायची लाकडी मुठीची टोचणी तिच्या कानामागे कायम खोचलेली असे, पण नाव पडलं ते काही तेवढ्यावरून नाही. बाईंचं बोलणंच तसं. सकाळी कोणी सहज "काय, कशा आहात?" म्हटलं तर "का, काही कमी दिसतंय का?" असं उत्तर मिळे, आणि विचारणारा पुढचा आठवडाभर तिच्या टेबलाला वळसा घालून जाई.

छापखाना अंधांसाठी पुस्तकं छापणारा होता. तीन खोल्या आणि एक लांब व्हरांडा. पहिल्या खोलीत संगणक, दुसरीत छापयंत्र, तिसरीत तपासणीचं टेबल. छापयंत्राच्या खोलीला भिंतभर जाड कापड ठोकलं होतं, तरी जाड कागदावर टिंबं उठवताना ते असं काही दणदणे की तिसऱ्या खोलीतल्या कपबश्या सरकत सरकत टेबलाच्या कडेला येत. ते यंत्र चालवणारे ठोकेकाका तीस वर्षांत अर्धे बहिरे झाले होते आणि उरलेलं अर्धं सोयीप्रमाणे वापरत. त्या आवाजात बोलायचं कोण? म्हणून तिथे चिठ्ठ्यांची पद्धत पडली होती. कागदाच्या पट्टीवर चार टिंबं टोचायची आणि पाठवून द्यायची. डोळस माणसंही ती डोळ्यांनी वाचत, दिव्याखाली जरा तिरकी धरून.

दुसरी पद्धत दोषवहीची. काहीही चुकलं, पान उलटं लागो, यंत्र अडो, प्रोग्राम फसो, ज्याला चूक सापडली त्याने ती स्वतःच्या हाताने टोचून लिहायची: काय झालं, कारण काय. पान फाडायचं नाही. ही वही दर शनिवारी चार वाजता आई वाचायची. आई म्हणजे टोचणीची आई. जन्मापासून अंध, चाळीस वर्षं त्याच छापखान्यात मुद्रितं तपासलेली, निवृत्त होऊनही पंधरा वर्षं झालेली. शनिवारी येऊ नका असं तिला सांगायचं धाडस कोणाला झालं नाही, म्हणून ती येत राहिली. दोन बोटांनी आठवड्याच्या नोंदी वाचायची, आणि कोणी "कारण: मशीन बिघडलं" असं लिहिलं असेल तर त्याला बोलावून घ्यायची. "मशीन स्वतःहून बिघडत नाही," म्हणायची. "कोणी काय केलं ते लिही."

याच वहीत नऊ वर्षांपूर्वीची एक नोंद होती, टोचणीच्या हातची. "मंडळापुढे प्रोग्राम फसला. कारण: ताईने हात लावला."

ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. पाच वर्षांनी मोठी, त्याच छापखान्यात, पहिल्या खोलीत, तांत्रिक विभागाची प्रमुख. उंच, शिडशिडीत, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. ताई कधी आवाज चढवत नसे, आणि टोचणीच्या डोक्यात तिडीक जायची ती नेमकी त्यानेच. नऊ वर्षं दोघी एकाच व्हरांड्यातून ये-जा करत होत्या आणि एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हत्या. काम पडलंच तर चिठ्ठी, आणि चिठ्ठी न्यायला ठोकेकाका. "माझी अर्धी निवृत्ती या दोघींच्या टपालात चालली आहे," असं ते ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला बघत म्हणायचे.

आता झालं काय होतं ते सांगायला हवं. साधा मजकूर ब्रेलमध्ये करणं तसं सोपं, पण गणित आलं की बोंब. अपूर्णांक, वर्गमूळ, कंस, या सगळ्यांची टिंबं वेगळी. टोचणीने सहा महिने डोळे फोडून एक प्रोग्राम लिहिला जो गणिताचं पुस्तक आपोआप टिंबांत उतरवी. तांत्रिक विभागाचा प्रमुख नेमायचा होता, आणि छापखाना चालवणाऱ्या मंडळाने सांगितलं, प्रोग्राम चालवून दाखवा. आदल्या संध्याकाळी टोचणीच्या टेबलावर सगळं सुरळीत चाललं. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीत पाहुणे बसले, पान छापलं गेलं, आणि ते वाचायला दिलं कोणाला, तर आईला. तिच्याइतकं अचूक वाचणारं दुसरं होतं कोण? आईने बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "तीन, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, चार." पाहिजे होतं तीन छेद चार. आई थांबली, पुन्हा बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे चुकलंय." पोटच्या पोरीचं पान, पण तिला चुकीचं बरोबर वाचता येत नसे.

प्रमुख झाली ताई. टोचणीला तपासणीच्या टेबलावर बसवलं. आणि आदल्या संध्याकाळी सात वाजता मंडळाच्या खोलीतून किल्ल्या वाजवत बाहेर पडताना ठोकेकाकांनी कोणाला पाहिलं होतं? ताईला. टोचणीला तेवढं पुरे झालं. ताई म्हणाली, "मी फक्त मशीन चालू होतंय का ते बघितलं." एकदाच म्हणाली, पुन्हा म्हणाली नाही. टोचणीने ते कबुलीजबाबासारखं धरलं आणि दोषवहीत टोचून टाकलं. तो प्रोग्राम तिने पुन्हा उघडूनही पाहिला नाही. चोर समोर दिसत असताना घर कोण झाडून बघतं?

प्रोग्राम मात्र छापखान्याने ठेवून घेतला. साधा मजकूर तो चांगला उतरवायचा. अपूर्णांक आले की तेवढी जागा कोरी सोडायची आणि ती हाताने भरायची. भरायचं काम तपासणीच्या टेबलाचं, म्हणजे टोचणीचंच. नऊ वर्षं ती दुसऱ्यांच्या पोरांचे अपूर्णांक एकेक करून टोचत होती, आणि प्रत्येक टिंबाला ताईच्या नावाने बोटं मोडत होती.

आई टोचणीकडेच राहायची, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. भांडणानंतर ताई एकदा पिशवीत फळं घेऊन आली होती. टोचणीने दार अर्धं उघडून विचारलं, "कबूल करायला आलीस?" ताई म्हणाली, "आईला भेटायला." टोचणी म्हणाली, "आधी कबूल कर, मग आत ये." ताईने पिशवी पायरीवर ठेवली आणि उतरून गेली. ती पिशवी संध्याकाळपर्यंत तिथेच होती, शेवटी शेजारणीने उचलली. तेव्हापासून ताई आईला भेटायची ती छापखान्यातच, शनिवारी, दोषवही वाचून झाली की दहा मिनिटं, सगळ्यांच्या देखत.

आणि आता तेही बंद होणार होतं. आईला एक्याऐंशी सरलं होतं, गुडघे गेले होते, छातीत धाप लागायची. डॉक्टरने सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून जिना नाही. म्हणजे ताईला आई भेटणार असेल तर तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथलं दार टोचणीच्या हातात.

"शनिवारचं तरी तिला येऊ दे घरी," आई डॉक्टरकडून आल्याच्या रात्री जेवताना म्हणाली होती.

"येऊ दे की. कबूल करू दे. एक वाक्य. मी काय तिचं रक्त मागतेय?"

"आणि तिने केलंच नसेल तर?"

"मग कोणी केलं? भुताने?"

आईने ताट चाचपून कडेला सारलं आणि हात धुवायला उठली.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी ठोकेकाका ताईची चिठ्ठी घेऊन आले. शाळेला बीजगणिताचं अख्खं पुस्तक सोमवारी पाहिजे होतं. चारशे पानं, पानापानावर अपूर्णांक. हाताने भरायचं म्हटलं तर पावसाळे गेले असते. चिठ्ठीत लिहिलं होतं, "गणिताचं नवं पॅकेज तुझ्या प्रोग्रामला बसवून दे. तीन वाजता छपाई सुरू."

"कृपया नाही, काही नाही," टोचणी म्हणाली. "राणीसाहेबांचं फर्मान."

"उत्तर काय देऊ?" ठोकेकाकांनी विचारलं.

"सांगा, मेली नाहीये अजून. बसवते."

पॅकेज म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेलं तयार काम. या पॅकेजात गणिताची सगळी चिन्हं आणि त्यांची टिंबं होती. ते नेटवरून आणून संगणकावर जागच्या जागी लावायचं काम पॅकेज मॅनेजर करतो. तो असतो हुकमाचा ताबेदार. आण म्हटलं की आणतो, कपाटात, म्हणजे एखाद्या फोल्डरात, लावतो आणि "बसवलं" म्हणून कळवतो. कोणत्या कपाटात ते मात्र त्याला कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं. काहीच सांगितलं नसेल तर तो ते सगळ्यांच्या कपाटात ठेवू बघतो. छापखान्याचा सगळा कारभार एकाच मोठ्या संगणकावर चालायचा. प्रत्येकाचं आपापलं लॉगिन, आपापलं खासगी फोल्डर. छापयंत्र आणि मंडळाची खोली मात्र सामाईक लॉगिनवर, आणि सामाईक लॉगिनला फक्त सगळ्यांचं कपाट दिसायचं.

टोचणीने नऊ वर्षांनी टर्मिनल, म्हणजे संगणकाला लेखी हुकूम सोडायची खिडकी, उघडलं. बोटं अजून विसरली नव्हती, याचा तिला स्वतःशीच जरा माज वाटला. पॅकेज मागवलं. उत्तर आलं, बसवलं. एक पान चालवून पाहिलं. तीन छेद चार, अगदी सुबक. तिने ते पान यंत्राकडे पाठवलं आणि हात झटकले.

पाच मिनिटांनी ठोकेकाका कागद घेऊन परत आले. तिने दिव्याखाली तिरका धरला. तीन, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, चार.

तीच टिंबं. नऊ वर्षं कानात वाजत असलेली.

"पुन्हा सुरू झालं हिचं," ती म्हणाली. "पुन्हा हात घातला."

"कोणी?" काकांनी विचारलं.

"कोणी म्हणजे? यंत्राच्या लॉगिनची किल्ली कोणाकडे आहे?"

"ताई सकाळपासून फोनवर आहे, शाळेशी बोलतेय. मी दोनदा बघितलं."

"तुमचं तेव्हाचं बघणं बरोबर होतं, आताचं चुकलं असेल."

तिने पॅकेज पुन्हा बसवायला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, आधीच आहे, सगळ्यात नवं आहे. काढून टाकून परत बसवलं. तिच्या टेबलावर तीन छेद चार, यंत्रावर स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह. बारा वाजून गेले. तिने डबा उघडलासुद्धा नाही. आणि मग तिच्या मनात आलं ते तिला फार आवडलं. या वेळी नुसतं ओरडायचं नाही, पुराव्यानिशी पकडायचं. पॅकेज जातं कुठे ते मॅनेजरलाच विचारू. जिथे ताईने ते वळवलं असेल तिथे तिच्या हाताचा ठसा असणार. तारीख असणार, वेळ असणार.

तिने विचारलं, हे पॅकेज कुठे ठेवलंस? त्याने पत्ता दिला. सगळ्यांच्या कपाटाचा नव्हता तो. कुठल्यातरी आडबाजूच्या फोल्डरचा होता. लांबलचक पत्ता, तिने तो नीट वाचलाही नाही. वाचायची गरज काय, वळवलंय हे तर सिद्ध झालं. कोणी वळवलं? कुठल्यातरी सेटिंगच्या फाइलने. ती फाइल कुठे? एरवी यादीत न दिसणारी, लपवलेली. तिने लपलेल्या फाइलींची यादी काढली आणि सापडली. शेवटचा बदल: नऊ वर्षांपूर्वी, मंडळाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी साडेपाच.

टोचणी खुर्चीत मागे टेकली. कितीतरी वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते बघायला कोणी नव्हतं, म्हणून ती उठून यंत्राच्या खोलीत गेली आणि ठोकेकाकांना बाहीला धरून घेऊन आली.

"बसा इथे. तुम्ही साक्षीदार. तारीख वाचा."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तारीख वाचली. "बापरे," म्हणाले.

"नऊ वर्षं. नऊ वर्षं मला वेडी ठरवलीत सगळ्यांनी. चार वाजता आई येईल, तिच्यासमोर हे ठेवते. मग बघू ताईसाहेबांचं मौनव्रत किती टिकतं. आता फाइल उघडते, तुम्ही मोठ्याने वाचा. मी वाचलं तर म्हणाल पदरचं घातलं."

तिने फाइल उघडली. दोनच ओळी होत्या. एक मॅनेजरसाठी, सगळी पॅकेजं कुठे ठेवायची तो पत्ता. तिच्या वरची माणसांसाठी, नुसती टीप. काकांनी घसा खाकरून टीप वाचली.

"उद्यापुरतं. पासवर्ड मागायला तिच्या दारात जाणार नाही. नंतर काढायचं."

काका थांबले. पुढची ओळ, पत्त्याची, त्यांनी वाचली नाही. तिच्यात कोणाच्या खासगी फोल्डरचं नाव होतं ते दोघांनाही दिसत होतं.

टोचणीला ती संध्याकाळ अशी आठवली जशी कोणी तोंडावर पाणी मारावं. तिच्या प्रोग्रामला तेव्हाही गणिताचं पॅकेज लागत होतं. सगळ्यांच्या कपाटात काही ठेवायचं तर पासवर्ड लागायचा, आणि पासवर्ड तेव्हाही ताईकडेच असायचा. तीन आठवडे आधी तिने तो मागितला होता. ताईने चार माणसांत, त्या तिच्या थंड आवाजात सांगितलं होतं, "अर्ज लिहून दे." सख्ख्या बहिणीला अर्ज. टोचणी तणतणत टेबलाशी आली होती. आणि मंडळाच्या आदल्या दिवशी, वेळ अगदी गळ्याशी आल्यावर, तिने मॅनेजरला सांगून टाकलं होतं, ठेव सगळं माझ्याच फोल्डरात. गेली खड्ड्यात ती आणि तिचा पासवर्ड. तिच्या टेबलावर चाललं, कारण तिच्या लॉगिनला तिचं फोल्डर दिसत होतं. मंडळाच्या खोलीत सामाईक लॉगिन होतं, त्याला दिसत होतं फक्त सगळ्यांचं कपाट, आणि त्यात पडलं होतं जुनं, अर्धवट पॅकेज. मधल्या काळात मोठा संगणक दोनदा बदलला, पण दर वेळी प्रत्येकाचं फोल्डर जसंच्या तसं उचलून नव्यावर ठेवलं गेलं. ती फाइलही त्याच्याबरोबर आली, न बोलता.

"मला काही नीट दिसलं नाही हं," ठोकेकाका उठत म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. "आणि ऐकू तर तुला माहीतच आहे, किती येतं."

ते गेले. टोचणी पडद्याकडे बघत बसली. आधी तिला लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटेल, पण नाही. तिला आधी राग आला, आणि तो ताईचाच आला. दिला असता पासवर्ड तर? सरळ हातात दिला असता तर ही फाइल लिहावी लागली असती का? अर्ज म्हणे. म्हणजे मूळ दोष कोणाचा? असं ती मनातल्या मनात दहा वेळा घोळवत राहिली, आणि दहाव्या वेळी ते जवळजवळ पटलंसुद्धा.

मग तिने ती ओळ पुसली. पुसायला एक सेकंद लागला. पॅकेज पुन्हा मागवलं. मॅनेजर आता सरळ सगळ्यांच्या कपाटाशी गेला आणि म्हणाला, परवानगी नाही, पासवर्ड द्या.

सव्वादोन झाले होते. चारशे पानं, सोमवार, शाळा. टोचणीने कागदाची पट्टी घेतली आणि टोचलं, "पासवर्ड पाहिजे." काकांच्या हातात देताना तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिची खात्री होती, चिठ्ठी उलट येणार, अर्ज लिहून दे म्हणून. ती आली की तिचं निम्मं ओझं उतरणार होतं.

चिठ्ठी दोन मिनिटांत आली. तिच्यावर नुसता पासवर्ड टोचला होता. दुसरं अक्षर नाही.

टोचणीला ते सहन झालं नाही. तिने पासवर्ड घातला, पॅकेज बसलं, पान यंत्राकडे गेलं, तीन छेद चार घेऊन आलं. तीन वाजता व्हरांडाभर दणदणाट सुरू झाला आणि कपबश्या सरकू लागल्या. काम फत्ते झालं होतं आणि डबा अजून तसाच बंद होता.

दोषवही समोर ओढली. टिंबांच्या खाचांची पाटी कागदाला लावली, कानामागची टोचणी काढली. काय झालं ते लिहिलं: नवं पॅकेज यंत्राला दिसत नव्हतं. आता कारण. "जुनी सेटिंग," इथवर हात सरळ गेला. आई विचारणार, कोणाची? टोचणीने क्षणभर हात थांबवला आणि मग झपझप टोचलं, "ताईची". नऊ वर्षांच्या सवयीने ते शब्द हातात तयारच होते. पाटी काढून कागद उलटला, टिंबं बघितली, आणि तिला स्वतःचीच किळस आली. तिने अंगठ्याचं नख लावून एकेक टिंब दाबून सपाट केलं. "जुनी सेटिंग" एवढंच राहिलं. डोळ्यांना आता तिथे काही दिसत नव्हतं.

चारला आई आली. व्हरांड्यात दोनदा थांबून, भिंतीला हात लावून, श्वास घेऊन. शेवटच्या शनिवारांपैकी एक, सगळ्यांना ठाऊक होतं. खुर्चीत बसली, पदराने बोटं पुसली आणि वही वाचायला घेतली. आठवड्याच्या चार नोंदी भरभर गेल्या. पाचवीवर बोट आलं. "जुनी सेटिंग" वरून गेलं, पुढच्या कोऱ्या जागेवर आलं आणि तिथे थांबलं. मागे गेलं, पुन्हा आलं.

"इथे खोडलंयस," आई म्हणाली.

टोचणीने टेबलावरची पाटी उगाच सरळ केली.

"ताईची, असं लिहून खोडलंयस."

"हो."

"का खोडलंस?"

"चुकलं होतं."

"मग बरोबर काय ते लिही," आई म्हणाली, आणि वही तिच्याकडे सरकवली. आवाज चढवला नाही. टोचणीला त्या घडीला कळलं की ताईचा तो थंड आवाज कोणाचा आहे, आणि इतकी वर्षं तो आईच्या तोंडून आपल्याला कधी बोचला नव्हता.

तिने पाटी लावली. टोचताना दोन टिंबं फाटली. "माझी. नऊ वर्षांपूर्वीची. मंडळापुढे फसलं तेही यानेच." लिहून वही आईपुढे ठेवली. आईने ते दोनदा वाचलं. मग पानं मागे उलटत गेली, जुन्या पानांच्या गठ्ठ्यात न चाचपडता हात घातला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ती नोंद टोचणीनेही नऊ वर्षांत पाहिली नव्हती. टिंबं झिजून कागदाच्या बरोबरीला आली होती. एखादी ओळ पुन्हा पुन्हा बोटाने वाचली की ती अशी झिजते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"हिच्यावर मी दर शनिवारी हात फिरवला," आई म्हणाली. "वाटायचं, एखादं अक्षर मी चुकीचं वाचलं असेन."

तेवढ्यात ताई आली, दर शनिवारसारखी, किल्ल्या वाजवत. आईने वही तिच्यापुढे केली आणि म्हणाली, "वाच." ताईने उभ्या उभ्याच, दिव्याखाली मान तिरकी करून वाचलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. वही मिटून टेबलावर ठेवली.

टोचणीने घसा साफ केला. नऊ वर्षांनी पहिलं वाक्य बोलायचं होतं आणि तिला त्यातही वाकायचं नव्हतं. "पुढच्या महिन्यापासून आई येणार नाही," ती म्हणाली. "तू घरी येत जा."

"येईन," ताई म्हणाली. "शनिवारी, चार ते सहा. पण तू घरात नकोस."

"घर माझं आहे."

"माहीत आहे. नऊ वर्षं माहीत आहे."

आई आली की ठोकेकाका यंत्र थांबवत, त्या दिवशीही थांबवलं होतं, आणि ते वाक्य तिन्ही खोल्यांत ऐकू गेलं. आई दोघींच्या मध्ये बसली होती. तिने हात पुढे करून अंदाजाने ताईचं मनगट धरलं आणि विचारलं, "मग किल्ली कुठे ठेवायची?"

"दारावरच्या फळीवर," टोचणी म्हणाली.

पुढचा महिना लागला. पहिल्या शनिवारी साडेतीनला टोचणीने आईचे केस विंचरून वेणी घातली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला, किल्ली फळीवर ठेवली आणि बाहेर पडली. जायचं कुठे? मैत्रीण नाही, शेजार तोडलेला, तिच्या जिभेपुढे टिकलं होतं कोण. ती छापखान्यात आली, आईच्या खुर्चीत बसली आणि दोषवही वाचत बसली. ते काम आता तिच्याकडे आलं होतं. सहाला घरी गेली. आईची वेणी नव्याने घातलेली होती, टोचणीने घातली होती त्याहून घट्ट. मग ती फळीवरची किल्ली काढायला बाहेर आली, तर किल्लीखाली कागदाची एक पट्टी होती. तिने ती जिन्यातल्या दिव्याखाली तिरकी धरली.

"नुसती नोंद चालणार नाही. अर्ज लिहून दे."

टोचणी जिन्यातच बसली. तिला संताप आला आणि हसूही आलं, आणि मग ती पायरीवर बसून रडली, जिथे एकदा फळांची पिशवी दिवसभर पडून राहिली होती तिथेच.

तेव्हापासून दर शनिवारी चारला ती छापखान्यात येते, दोषवही वाचून संपवते आणि पाटी लावून अर्ज लिहायला घेते. अर्जाच्या पहिल्या शनिवारी तिने "प्रति, विभागप्रमुख" असं टोचलं आणि कागद चुरगाळला. दुसऱ्या शनिवारी विषयाच्या पुढे काय लिहायचं यातच दोन तास गेले. तिसऱ्या शनिवारी तिने तुझंही चुकलंच होतं असं पानभर लिहिलं, वाचलं आणि फाडलं. दोषवहीचं पान फाडता येत नाही, अर्जाचं येतं. ठोकेकाका सहा वाजता टोपली रिकामी करतात आणि काही विचारत नाहीत.

गेल्या शनिवारी तिने प्रति, विषय, महोदया सगळं सोडून दिलं आणि कोऱ्या कागदावर पहिला शब्द टोचला, "ताई". तेवढा कागद तिने फाडला नाही. तो टेबलाच्या खणात आहे, आणि आज ती पुढचा शब्द काय टोचायचा याचा विचार करत बसली आहे. सहा वाजायला अजून तासभर आहे.